उरलेलं पुढल्या वारी

"पाटणकरवरे, तुमच्या गावाहून तार आली आहे," वेंकोबराव माझ्या दारात उभे राहून म्हणाले. "मी वाचलो. तुमच्या आई—"

इथं ते थांबले. गळा दाटून आला, शब्द सुचेनात, असं काही झालं नव्हतं. त्यांनी छत्री बगलेत मारली, टोपी सारखी केली, "उरलेलं पुढल्या वारी," असं म्हणाले आणि अंगण ओलांडून आपल्या घरात निघून गेले. मी एका बाहीत हात घातलेल्या शर्टानिशी त्यांच्यामागे धावलो. तार त्यांच्या कोटाच्या खिशात होती, कोट खुंटीवर होता आणि वेंकोबराव न्हाणीघरात होते. आतून तांब्याचा आवाज येत होता. मी सभ्यता गुंडाळून ठेवली आणि कोटाच्या खिशात हात घातला. तारेत एवढंच होतं की आई शुक्रवारच्या गाडीनं येते आहे, स्टेशनवर ये.

वेंकोबराव अंग पुसत बाहेर आले आणि माझ्या हातातली तार पाहून त्यांचा चेहरा पडला. कीर्तनाला न बसता नुसता प्रसाद घेऊन निघालेल्या माणसाकडे बुवा बघतात तसे ते माझ्याकडे बघत होते. "लगेच वाचून टाकलात," ते म्हणाले. "सरी. आता काय राहिलं त्यात?" (सरी म्हणजे बरं.)

वेंकोबराव कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत सांगत नसत. गोष्ट ऐन रंगात आली, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला, की हे उठलेच. त्यांचं लग्न का झालं नाही हे मी त्यांना एकदाच विचारलं. "ठरलं होतं की," ते म्हणाले. "मुलगी चित्रदुर्गाची. बघायला गेलो, पाटावर बसलो, ती पोह्याची बशी घेऊन आली, माझ्याकडे पाह्यली आणि—" त्या मुलीनं पुढं काय केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पन्नास-साठच्या दशकात बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि जयनगरात वेंकोबरावांच्या घरामागच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. जयनगर तेव्हा नवीन होतं. चार घरं आणि मध्ये मोकळी सायट, त्यात म्हशी. वेंकोबराव आणि त्यांच्या विधवा बहीण तुंगक्का अशी दोनच माणसं घरात. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. 'परतायचं पुढल्या वारी बघू' असं त्यांनीही म्हटलं असावं.

मराठी घर मिळालं म्हणून मी खूश होतो. ती खुशी पहिल्या जेवणापर्यंत टिकली. तुंगक्कांनी, म्हणजे सगळ्यांच्या अक्कांनी, मला मानानं पाटावर बसवलं, पानात भात वाढला आणि म्हणाल्या, "ऊटा करा." मी गोंधळून उभा राहिलो. त्या पुन्हा म्हणाल्या, "अय्यो, ऊटा करा की." मी आधीच उभा होतो, आणखी कसा उठणार? तेव्हा मी पाटावरून उतरून दारापाशी जाऊन उभा राहिलो. अक्कांना वाटलं सार आवडलं नाही. मला वाटलं माझ्या हातून काहीतरी विटाळलं. ऊटा म्हणजे जेवण हे वेंकोबरावांनी येऊन सांगितलं तोवर भात गार झाला होता.

त्यांच्या मराठीत अशा बऱ्याच जागा होत्या जिथं पाय ओळखीच्या पायरीवर पडे आणि पायरी भलतीच निघे. मला ते 'पाटणकरवरे', म्हणजे पाटणकरराव, म्हणत. 'मी भात खाल्लो', 'मी तार वाचलो' असं ते म्हणत. आमच्या व्याकरणातला कर्मणी प्रयोग फौजेबरोबर निघाला असेल, पण तुंगभद्रा ओलांडून इकडे आला नाही. 'पुढल्या वारी'चंही तसंच. आपल्याकडे वार म्हणजे सोमवार, मंगळवार. त्यामुळे ते "नळाचं पुढल्या वारी बघू" म्हणाले, की मी दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन हजर. ते माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. कन्नडात वार म्हणजे आठवडा, हे कळेपर्यंत मी त्या नळाखाली बऱ्याच सकाळी उभा राहिलो.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांची टायपिंगची शाळा होती. सकाळपासून तिथं मशिनी खडखडत असत. वेंकोबराव हातात छत्री धरून येरझारा घालत आणि डिक्टेशन देत. 'आपल्या अर्जाच्या संदर्भात आपणांस कळविण्यात येते की' एवढ्यावर त्यांचं पत्र संपायचं. अर्ज मंजूर झाला का फेटाळला हे त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला कधी कळलं नाही. त्यांची एक विद्यार्थिनी कुठल्याशा कचेरीत परीक्षेला गेली. फाडफाड टाइप करत होती, साहेब खूश होता, आणि पत्र अर्ध्यात असताना ती कागद काढून शांतपणे उठली. साहेबानं विचारलं, उरलेलं? तिनं सांगितलं, आमच्या सरांकडे इथवरच असतं. मला हे सांगताना वेंकोबराव कौतुकानं हसत होते. तिला नोकरी मिळाली का, असं मी विचारलं, ही माझीच चूक.

पण ह्या सगळ्याचा कळस म्हणजे रविवार दुपार.

रविवारी जेवणं झाली की अक्का मागल्या पडवीत पावट्याच्या शेंगा नाहीतर तांदूळ घेऊन बसत. वेंकोबराव समोर स्टूल ओढत आणि मुसुकप्पाची गोष्ट सांगत. पहिल्या रविवारी मला वाटलं, कुणी गावचा देव असेल. तर तो निघाला अमेरिकेतला. लढाईच्या दिवसांत दंडूतल्या एका थिएटरात गोऱ्या सोल्जरांसाठी इंग्रजी चित्रं लागत. (दंडू म्हणजे कँटोन्मेंट. हेही मला उशिरा कळलं. 'दंडूत जाऊन येतो' म्हणणारा हा प्रौढ माणूस छत्री घेऊन विटीदांडू खेळायला जातो अशी माझी काही दिवस समजूत होती.) त्यात एक मालिकेचं चित्र होतं. दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक भाग नायक मरणाच्या दारात असताना संपायचा. हा नायक दिवसा एका कचेरीत टायपिस्ट. संकट आलं की तोंडावर मुसुकु, म्हणजे बुरखा, ओढायचा, पाठीला झगा बांधायचा आणि खिडकीतून उडायचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, वेंकोबरावांनाच धड म्हणता येत नसे. मुसुकुवाला म्हणून अक्कांनी त्याला मुसुकप्पा केलं. अप्पा जोडल्याशिवाय इकडे कुणालाच हाक मारत नाहीत. मलाही अक्का "कायप्पा" म्हणत आणि मी उगाच मागं वळून बघत असे.

"दिवसा तो टायपिंग कसं करायचा ठाऊक आहे?" वेंकोबराव सांगत. "हळू. मुद्दाम. आपला वेग कुणाला कळू नये म्हणून दर ओळीत एक चूक करायचा." हे सांगताना त्यांना खरोखर यातना होत. शत्रूच्या कारखान्यातला स्फोट ते सहज सांगून जात, पण त्या दर ओळीतल्या चुकीपाशी त्यांचा आवाज कापायचा.

अक्कांचे प्रश्न निराळेच असत. तो जेवतो कधी? झगा कोण धुतं? एकदा त्यांनी विचारलं, "त्याला अक्का आहे का रे कुणी?" वेंकोबराव क्षणभर अडले आणि म्हणाले, "आहे की. पुढल्या वारी येते." आणि पुढल्या रविवारी मुसुकप्पाची अक्का खरोखरच आली. ती एका मोठ्या शहरात एका लहान खोलीत राहत होती आणि आपला भाऊ हळू टायपिंग करतो म्हणून काळजी करत होती. तोच मुसुकप्पा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

माझी गाडी घसरायची ती भूगोलात. मुसुकप्पा न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवरून उडायचा इथपर्यंत ठीक होतं. पण लोखंडी डॉक्टर नावाचा जो त्याचा शत्रू होता त्यानं एका रविवारी इथल्याच, बेंगळूरच्या हेब्बाळच्या तळ्याच्या मोरीत बाँब ठेवला. मी म्हणालो, "वेंकोबराव, इंग्रजी चित्रात हेब्बाळ?"

"दाखवतात," ते म्हणाले. "लांबून."

मी ते मान्य केलं. इंग्रजी चित्रं मीही फार पाहिली नव्हती. पुढं तो डॉक्टर होसकोट्याच्या बाजारातून बैलगाडीत बसून पळाला तेव्हा मात्र मला राहवेना. शिवाय मला तिथं येऊन तीन वर्षं होत आली होती, लढाई संपून तर किती वर्षं लोटली होती, आणि हे चित्र चालूच. मुसुकप्पा दर रविवारी मरायला टेकायचा आणि दर रविवारी वाचायचा. मी सरळ विचारलं, "तुम्ही ह्याचे सगळे भाग पाहिलेत?"

"सगळे पाह्यलो," वेंकोबराव म्हणाले. "कडेचा भाग तेवढा पाह्यलो नाही."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिचाऱ्यांना थिएटरात खांबामागची जागा मिळाली असणार. पडद्याची कड दिसत नसणार. मग जे दिसत नव्हतं तिथं ह्यांनी आपल्या मनानं हेब्बाळ आणि होसकोटे भरून घेतलं. सगळा उलगडा झाला. मला त्यांची दया आली आणि त्यानंतर मी भूगोलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

त्या वर्षीच्या थंडीत अक्का आजारी पडल्या. डॉक्टर येऊन गेले, औषधाच्या बाटल्या आल्या. दुखणं काय ते कुणी नीट सांगेना. त्यांचं खाणं सुटलं, एवढं मात्र दिसत होतं. पेजेची वाटी समोर ठेवली तर त्या तिच्याकडे पाहत आणि "साकु" म्हणत. साकु म्हणजे पुरे. एक घोटही न घेता पुरे. वेंकोबरावांच्या शाळेत मशिनी चालू असत, पण ते दर थोड्या वेळानं उठून आत डोकावत. दुपारी डिक्टेशन देताना ते मधल्याच शब्दावर अडत आणि मुलं बोटं वर धरून बसून राहत.

रविवार मात्र चुकला नाही. अक्का अंथरुणावर होत्या, वेंकोबराव स्टुलावर. मुसुकप्पा होसकोट्याच्या वाटेवरच्या विहिरीत, वर दगड, विहिरीत पाणी चढतं आहे. वेंकोबराव उठायला लागले तसं अक्का म्हणाल्या, "बस वेंकू. साकु आता. कडेचा भाग सांग."

वेंकोबराव बसले. त्यांच्या हातातली छत्री खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

मला वाटलं, आपण मध्यस्थी करावी. "अक्का," मी म्हणालो, "कडेचा भाग त्यांना दिसलाच नाही हो. मध्ये खांब होता."

दोघंही माझ्याकडे पाहू लागली. "खांब?" अक्का म्हणाल्या. "कुठला खांबप्पा?"

दुसऱ्याच आठवड्यात मी दंडूत गेलो होतो, तर थिएटरावर ते जुनं पोस्टर. झगा, बुरखा, खाली पडणारी इमारत. रविवारी सकाळच्या खेळाला ही मालिका पुन्हा लागणार होती, दर खेळाला थोडे थोडे भाग. मी धावतपळत घरी आलो आणि बातमी दिली. देवच पावला असं मला वाटलं. अक्का म्हणाल्या, "बघ वेंकू. आता कडेचा पाहून ये आणि सांग मला." वेंकोबराव म्हणाले, "सरी," आणि शाळेत जाऊन बसले. तिथं एकही विद्यार्थी नव्हता.

पहिले काही रविवार ते एकटेच गेले आणि बरे खुशीत परत आले; घरातला मुसुकप्पा तोवर विहिरीतच राहिला. शेवटच्या रविवारी मात्र कोट चढवेनात. बूट सापडेना, मग पाय दुखू लागला, मग नळ दुरुस्त करायची घाई झाली. अक्का अंथरुणावरून बघत होत्या. शेवटी मीच त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं, थिएटरात नेलं आणि बरोबर मधोमधल्या दोन खुर्च्या धरल्या.

"आता बघा," मी अभिमानानं म्हणालो. "दोन्ही कडा दिसतील."

"दोन?" वेंकोबराव म्हणाले. "दोन कडा कुठल्या? कडे एकच असते की."

"डावी आणि उजवी."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "पाटणकरवरे, कडेचा म्हणजे शेवटचा. शेवटचा भाग मी पाह्यलो नाही म्हणून सांगत होतो. तुम्ही काय समजलात?"

काय समजलो ते सांगायची हिंमत मला झाली नाही. म्हणजे खांब नव्हता. पडद्याची कड नव्हती. त्या मालिकेचा शेवट ह्या माणसानं कधी पाहिलाच नव्हता, आणि ते चित्र थिएटरातून गेल्यापासून आजपर्यंत दर रविवारी जे सांगितलं ते सगळं ह्याच्या स्वतःच्या डोक्यातलं. मी तोंड उघडणार तोच दिवे मालवले. पडद्यावर अक्षरं आली, वेंकोबराव उठले, पायांवरून वाट काढत बाहेर निघून गेले आणि परत आले नाहीत.

मी शेवट पाहिला. पण तो मला कळला असं म्हणता येणार नाही. एक तर बोलणं इंग्रजी, आणि त्यात ऑपरेटरनं रिळांची अदलाबदल केली असावी, कारण मुसुकप्पा आधी वाचला आणि मग पडला. लोखंडी डॉक्टर मेल्यानंतर फोनवर बोलत होता. बुरखा कुणीतरी ओढला, पण कुणी आणि केव्हा, हे पब्लिकच्या शिट्ट्यांत राहूनच गेलं. मग एकदम दिवे लागले.

वेंकोबराव बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी उन्हात उभे होते. छत्री हातात होती, पण उघडली नव्हती.

"संपला?"

"संपला."

"मला सांगू नका," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, पहिल्या वेळी तरी शेवट का पाहिला नाहीत? ते खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "अक्काचे यजमान गेले आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडली. तेव्हा ती बोलायची नाही, खायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आमची आई सगळे देव करून थकली. एका ऐतवारी मी दंडूत हे चित्र पाह्यलो. घरी येऊन कुणाला सांगू? तिच्या पाठीला सांगितलो. मुसुकप्पा चिमणीवरून पडतो, तिथवर भाग होता. तिथवर सांगितलो आणि उठलो. तर मागून—"

"मागून काय?"

"उरलेलं पुढल्या वारी," वेंकोबराव म्हणाले. आमचा स्टॉप आला होता.

अक्का जाग्याच होत्या. "पाह्यलास?" त्यांनी विचारलं. वेंकोबराव "पाह्यलो" म्हणाले. मी दारात उभा होतो. खोटं बोलणं हा ह्या माणसाचा धंदा नव्हे. त्यांनी स्टूल ओढलं. मुसुकप्पा विहिरीतून बाहेर आला. लोखंडी डॉक्टरनं त्याला भर बाजारात गाठलं. गाव जमलं, गर्दीत त्याची अक्काही होती. "डॉक्टरनं त्याच्या मुसुकुला हात घातला," वेंकोबराव सांगत होते. "आता तोंड दिसणार. त्याची अक्का टाचा उंच करून बघते आहे. त्यानं मुसुकु ओढला आणि—"

ते थांबले. अक्का वाट बघत होत्या. त्यांनी शेवट मागितला होता आणि शेवट एका वाक्यावर येऊन ठेपला होता. वेंकोबरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. घरात तो शेवट पाहिलेला माणूस मी एकटाच होतो. मी जमिनीकडे बघू लागलो.

"उरलेलं पुढल्या वारी," ते अगदी हळू म्हणाले.

अक्कांनी अंगावरची चादर बाजूला केली. मग म्हणाल्या, "सरी. पेज आण स्वल्प."

ते पेज आणायला आत गेले तेव्हा मी अक्कांपाशी बसलो आणि बसमध्ये अर्धवट राहिलेलं विचारलं. मागून काय झालं? अक्का हसल्या. "मी म्हटलं, 'मग?' तेवढंच. किती महिन्यांनी तोंडातून शब्द निघाला म्हणून आमची आई रडली. वेंकू म्हणाला, पुढल्या वारापर्यंत थांब. आता थांबायचं तर जेवायला नको का? जेवले." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते चित्र तेव्हाच संपलं. दूधवालीचा नवरा त्या थिएटरात झाडायचा, तिनं सांगितलं मला. मी वेंकूला बोलले नाही. त्याला वाटतं तो सांगतो म्हणून अक्का जगते. मी मेले तर हा सांगणार कुणाला, म्हणून मी ऐकते. आता अंगात जीव नाही राहिला, म्हटलं एकदा शेवट होऊ दे, हा मोकळा होऊ दे. त्यानं केला नाही." वेंकोबरावांची पावलं वाजली. "सरीप्पा. नाही तर नाही," अक्का म्हणाल्या आणि वाटीसाठी हात पुढं केला.

अक्का त्यानंतर दोन वर्षं होत्या. मुसुकु निघाला नाही तो नाहीच. दर रविवारी कुणीतरी मध्ये यायचं, बैल उधळायचे, वीज जायची. मी शेंगा सोलायला शिकलो होतो. माझ्याइतका सुखी श्रोता त्या दोन वर्षांत अख्ख्या जयनगरात नसेल.

अक्का गेल्या त्या दोन रविवारांच्या मधल्या एका सकाळी, झोपेत. सगळं यथासांग झालं, माणसं आली आणि गेली. मग मशिनींचा आवाज बंद झाला. वेंकोबरावांनी शाळेला कुलूप घातलं आणि अक्कांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. मी जाऊन बोलत असे. ते उत्तरं देत. "जेवणार नाही," म्हणत. "झोप लागली नाही," म्हणत. "माझी चित्रदुर्गाची मुलगी पसंत पडली होती, पण अक्का परत आली म्हणून मी नको म्हणून सांगितलो," असंही एकदा म्हणाले. मला आधी कळेना की ह्यात माझ्या काळजात धस्स होण्यासारखं काय आहे. मग लक्षात आलं. ते वाक्यं पुरी करत होते.

रविवारी दुपारी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून भात आणि सार डब्यात घालून आणलं, अक्कांच्या खोलीत पान मांडलं आणि स्टूल ओढून त्यांच्या पाठीमागं बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. गोष्ट सांगणं हे माझ्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

"वेंकोबराव," मी म्हणालो, "कडेचा भाग तुम्ही पाहिला नाहीत. मी पाहिला."

पाठ हलली नाही.

"बाजार भरला होता. डॉक्टरनं मुसुकुला हात घातला होता, तिथवर तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं ओढला. मुसुकु निघाला. गाव बघतच राहिलं, कारण आत टायपिस्ट. तोच, दर ओळीत एक चूक करणारा. सगळे हसायला लागले. तेवढ्यात गर्दीतून त्याची अक्का पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ती त्याच्या जवळ गेली, झगा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली—"

मी उठलो. छत्री नव्हती, नाहीतर बगलेत मारली असती.

"उरलेलं पुढल्या वारी," मी म्हणालो आणि दाराकडे निघालो. ती अक्का काय म्हणाली हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. उंबऱ्याशी पोचलो, एक पाय बाहेर टाकला. खोलीत काही वाजेना. आपलं चुकलं, असं मला वाटायला लागलं.

"मग?" मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं आणि सगळं सांगून टाकलं असतं.

"पुढल्या वारी म्हटलं ना," मी म्हणालो. "आता ऊटा करा."

वेंकोबराव उठले.